चालती गाडी उचलून नेली

गाडीच्या कंपनीच्या नावानं मेसेज आला तेव्हा मी साताऱ्यात पोहे परतत होते. आपल्या गाडीच्या ब्रेकमधल्या एका भागात दोष असू शकतो, पेडल अचानक जड होऊ शकतं, दुरुस्ती मोफत. ती गाडी मी कधीच कुंडल गावातल्या माझ्या थोरल्या बहिणीला देऊन टाकली होती. घरातल्या घरात नावावर काय करायची, असं म्हणत कागद माझ्याच नावावर राहिले होते. आणि तिच्या लेकीचे दिवस भरत आलेले. बाळंतपणाला मिरजेला न्यायचं ते याच गाडीतून.

गॅस बंद केला. मेसेजमधल्या लिंकला हात लावला नाही. कंपनीच्या वेबसाइटवर जाऊन चासी नंबर स्वतः टाकला. सदोष गाड्यांच्या यादीत आमची गाडी सापडली! लगेच सांगलीच्या सर्व्हिस सेंटरला फोन. नवा भाग शिल्लक आहे का, हे आधी विचारलं. होता. तोवर गाडी चालवायची का?

"अजिबात नको, मॅडम. उद्या आम्हीच उचलून आणतो."

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं कुंडल गाठलं. दाजी, म्हणजे बहिणीचे यजमान, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. अंगणात गाडी पुसत होते.

"फुकट करत्यात म्हंजे कायतरी गळ्यात मारणार," ते म्हणाले. "आन् चालती गाडी उचलून न्यायची? गाव काय म्हणंल? मीच नेतो चालवत."

"आवं दाजी, वाटेत पेडल जड झालं तर?"

"घाटातनं ट्रक चालवलाय मी पलटणीत!"

"त्याला ब्रेक होते."

भाची कमरेवर हात ठेवून दारात आली. "आबा, दुरुस्त झाल्याबिगर मी त्यात बसणार न्हाई. रिक्षानं जाईन मिरजेला."

दाजींनी गुपचूप किल्ली माझ्या हातावर ठेवली.

गाडी सर्व्हिस सेंटरच्या ट्रकवर चढली आणि आम्ही दोघं ड्रायव्हरशेजारी बसलो. चौकात व्हायचं तेच झालं.

"सुभेदार, ठोकली काय गाडी?"

"न्हाई रं," दाजी ताठ बसून ओरडले, "माहेरपणाला चाललीया!"

अख्खा चौक हसला, आणि सगळ्यात मोठ्यानं दाजीच.

सांगलीत भाग बदलला, पैसा लागला नाही. दाजी आवारात गाडी फिरवून बघत होते, तेवढ्यात बहिणीचा फोन. भाचीला कळा सुरू झाल्या होत्या, शेजाऱ्यांच्या गाडीतून मायलेकी मिरजेला निघाल्या होत्या.

"बसा, बसा लवकर!" दाजी हॉर्न वाजवायला लागले.

"कागद घेते आधी."

"आवं, मरू दे तो कागद!"

काय काम झालं ते लिहून, शिक्का मारून घेतलं आणि मगच पळाले. सिग्नलला, वळणाला, म्हशी आडव्या आल्या तिथं, प्रत्येक ठिकाणी मी दाजींच्या पायाकडे बघत होते. पेडल हलकं दाबलं जात होतं, गाडी जिथल्या तिथं थांबत होती. मला आनंदानं टाळी वाजवावीशी वाटत होती.

दवाखान्याच्या दारात आम्हीच आधी पोहोचलो. मागून शेजाऱ्यांची गाडी आली. भाचीला चाकांच्या खुर्चीत बसवलं. घामानं निथळत होती पोरगी, तरी बापाकडे बघून विचारलंच, "आबा, ब्रेक लागतोय का?"

"लागला म्हणूनच दारात उभा हाय," दाजी म्हणाले आणि तिची खुर्ची स्वतः ढकलत आत घेऊन गेले.