खंडणी कुणी मागितली

माझी लेक सोळा वर्षांची झाली त्या वर्षी आमच्या चर्चच्या मंडळीत दृढीकरणाचा वर्ग लागला. बाप्तिस्म्याच्या वेळी आईबापांनी लेकराच्या वतीनं जे कबूल केलेलं असतं, ते लेकरानं मोठं झाल्यावर स्वतःच्या तोंडानं कबूल करायचं, त्याला आमच्यात दृढीकरण म्हणतात. सहा रविवार वर्ग असतो. एक पातळशी प्रश्नोत्तरी हातात देतात, आणि शेवटच्या रविवारी सगळ्या मंडळीपुढं प्रश्न विचारतात; मग पाळकसाहेब, म्हणजे आमचे पाद्री, डोक्यावर हात ठेवतात. आमची अडचण ‘स्वतःच्या तोंडानं’ इथंच होती. माझ्या लेकीला जन्मापासून ऐकू येत नाही. ती हातांनी बोलते, ओठांवरून थोडंफार ओळखते, लिहिते आणि वाचते. वाचते तर इतकं, की शेंगदाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा सरळ करून वाचल्याशिवाय टाकत नाही.

वर्ग लागायच्या आधी मंडळीचे चिटणीस घरी आले. ते निवृत्त हेडमास्तर. मी लहान असताना याच प्रश्नोत्तरीतली उत्तरं त्यांनी माझ्याकडून घोकून घेतली होती, आणि न चुकता म्हटली म्हणून मला एक कंपासपेटी बक्षीस दिली होती. त्यामुळं ते पुंडलिकनगरातल्या आमच्या दोन खोल्यांत आले याचंच मला कौतुक वाटलं. त्यांनी सांगितलं, पोरीला वर्गाला बसवायची गरज नाही. शेवटच्या रविवारी पांढरा ड्रेस घालून थेट आणा. बाकीच्यांबरोबर ती गुडघे टेकेल, पाळकसाहेब डोक्यावर हात ठेवतील. तिला प्रश्न विचारायचे नाहीत असं कमिटीचं ठरलं आहे. जाताना म्हणाले, “शेवटी सगळी कृपाच आहे, बाई.”

मी त्यांच्या पाया पडले. खोटं कशाला सांगू, मला हलकं वाटलं. चिकलठाण्याला कंपनीत पॅकिंगवर आठ तास उभं राहून आल्यावर लेकीला ती जड जड वाक्यं कशी समजावायची, याची धास्ती मी महिनाभर घेतली होती.

संध्याकाळी लेकीला सांगितलं. कृपेला आमच्या हातांत खूण नव्हती, म्हणून मी दयेची केली. वाकलेल्या डोक्यावर वरून ठेवलेला हात. तिनं माझा हात तसाच धरला आणि खाली ओढला. मग वही घेऊन लिहिलं, “बाप्तिस्म्याच्या वेळी मी बाळ होते, म्हणून मला विचारलं नाही. आता पण बाळ आहे का?”

मी म्हटलं, ते चांगल्या मनानं सांगतात. तिनं खाली लिहिलं, “मग त्यांनीच गुडघे टेकावेत. मी उत्तर देणार. नाहीतर येणार नाही.”

त्या रात्रीचं जेवण दोघींनी एकमेकींकडं न बघता केलं. बसमध्ये लोक तिच्याकडं बघून ज्या तोंडानं “अरेरे” म्हणतात, तेच तोंड मी घरात आणलं होतं. ते माझ्या ध्यानात यायला भांडी घासेपर्यंत वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी मी प्रश्नोत्तरी मागून आणली आणि दोघी बसलो. तेव्हा मला माझीच लाज वाटली. तारण, पश्चात्ताप, खंडणी, समेट, नीतिमान ठरवणं. प्रत्येक शब्दापुढचं उत्तर मला अजून पाठ होतं, कुठंही न अडखळता. पण ते हातांनी सांगायला गेले की हात हवेतच राहायचे. तोंडानं शब्द म्हटला की आपल्याला वाटतं कळलं. हातांना तसं चालत नाही. कोण, कुणाला, कुठून कुठं, हे दाखवल्याशिवाय हात पुढं सरकत नाहीत.

पहिलाच शब्द तारण. लेकीनं विचारलं, कोपऱ्यावरच्या बोर्डावर आहे तेच का? बोर्ड आठवायला मला क्षणभर लागला. ‘सोनेतारण कर्ज, तात्काळ.’ मी नाही म्हटलं. ती म्हणाली, अक्षरं तर तीच आहेत. मग मी नदीत बुडणारा माणूस आणि त्याला बाहेर ओढणारा हात दाखवला. ते तिला पटलं. पण तिनं त्यात एक भर घातली. ओढणाऱ्यालाही तिनं पाण्यात उतरवलं. काठावरून हात पुरत नाही, असं तिचं म्हणणं.

नीतिमान ठरवण्याशी, म्हणजे देव पाप्यालाही निर्दोष म्हणतो त्याच्याशी, ती आठवडाभर भांडत होती. नापासाला पास म्हटलं तर ते खोटं झालं, असं ती म्हणायची. मलाही ते खोटंच वाटायचं, कारण आमच्या कंपनीत खराब मालावर ओकेचा स्टिकर लावला की कुणाची तरी नोकरी जाते. शेवटी तिचं तिनंच शोधलं. ती सहा वर्षांची असताना एका शाळेनं, हिला ऐकू येत नाही म्हणून, तिचं नाव पटावरून काढलं होतं. हेडबाईंच्या टेबलावर ती रेघ ओढताना तिनं स्वतः पाहिली होती. मला वाटलं होतं ती विसरली. तिनं तळहातावर बोटानं स्वतःचं नाव लिहिलं, त्यावर रेघ मारली, ती रेघ पुसली, पुन्हा नाव लिहिलं आणि मूठ घट्ट मिटली. हेच नीतिमान ठरवणं, म्हणाली. मी कशी आहे ते देवाला ठाऊक आहे. तरी पटावर नाव त्यानंच ठेवलं, आता कुणी खोडायचं नाही.

मी उठून मोरीत गेले आणि तोंड धुऊन आले.

खंडणीपाशी मात्र दोघीही अडलो. पेपरात तिनं हा शब्द दर आठवड्याला वाचलेला. व्यापाऱ्याला धमकावलं, खंडणी मागितली, दोघं अटकेत. प्रश्नोत्तरीत लिहिलेलं की प्रभूनं आपल्यासाठी खंडणी म्हणून जीव दिला. तिनं विचारलं, मागितली कुणी? देवानं मागितली असेल तर देव त्या पेपरातल्या माणसासारखा झाला. सैतानानं मागितली असेल तर देवानं गुंडाला का दिली? मी तिला गप्प बस अशी खूण केली. आयुष्यात फार कमी वेळा मी तिला ती खूण केली आहे. लगेच हात मागं घेतला आणि म्हटलं, चल, विचारू.

पाळकसाहेब तरुण, नगरकडचे, वर्षापूर्वीच आलेले. त्यांनी वहीतला प्रश्न दोनदा वाचला. मला वाटलं रागावतील. ते मला म्हणाले, “ताई, यावर लई जुना वाद आहे. कुणी म्हणालं सैतानाला दिली, कुणी म्हणालं देवाच्या न्यायाला. परीक्षेत मी तीन पानं लिहिली होती. खरं सांगू? मला माहीत नाही.”

मी ते हातांनी सांगितलं. लेकीनं वहीत लिहिलं, “मग पुस्तकात का आहे?”

मग त्यांनी स्वतःच वही ओढून घेतली आणि लिहिलं, “कारण जो सुटला त्याला एवढंच कळतं, की सुटका फुकट झालेली नाही. कुणीतरी स्वतःचं दिलं आहे.” लेकीनं ते पान फाडून ओढणीच्या टोकाला बांधलं. मोठा माणूस माहीत नाही म्हणतो हे तिनं पहिल्यांदा पाहिलं होतं. पुढचा एकही वर्ग तिनं चुकवला नाही. मी शेजारी बसून हातांनी सांगायची, आणि बाकीची पोरं पुस्तक सोडून आमच्या हातांकडंच बघायची.

हे चिटणिसांच्या कानावर गेलं. त्यांनी मला कमिटीपुढं बोलावलं. म्हणाले, उपासनेत हातवारे बरे दिसत नाहीत, पोरं हसतील. शिवाय उत्तर पुस्तकातलंच पाहिजे, आणि हातांतलं उत्तर बरोबर का चूक हे तपासणार कोण? मी म्हटलं, मी मोठ्यानं सांगेन. ते म्हणाले, मग ते तुमचंच उत्तर झालं. हे बोलणं मला लागलं, कारण ते खोटं नव्हतं. तरी मी म्हटलं, “सर, तुम्ही माझ्याकडून ही उत्तरं पाठ करून घेतली. मला त्यातलं काहीच कळलं नव्हतं, तरी तुम्ही मला कंपासपेटी दिली. माझ्या लेकीला कळलंय. तिला नुसतं उभं राहू द्या.”

पाळकसाहेबांनी तिच्या बाजूनं मत दिलं. एका मतानं आमचं जमलं.

घरी आल्यावर लेकीनं मला एक अट घातली. मी हातांनी जे म्हणीन तेच तू बोलायचं. सुधारायचं नाही, गोड करायचं नाही. मी हो म्हटलं.

त्या रविवारी नवरा फर्दापूरहून पहाटेच्या बसनं आला. तिथं हॉटेलात तो स्वयंपाकी आहे, रविवारी अजिंठ्याच्या पर्यटकांची गर्दी असते, तरी रजा मिळवली. वेदीपुढं नऊ पोरं उभी राहिली. प्रश्न विचारायचा मान चिटणिसांचा. माझ्या लेकीला त्यांनी सगळ्यात सोपा प्रश्न विचारला, जगाचा निर्माता कोण. तिनं उत्तर दिलं, मी बोलले, आणि ते पुढच्या पोराकडं वळले. लेक जागची हलली नाही. तिनं प्रश्नोत्तरी उघडून तारणाच्या पानावर बोट ठेवलं आणि पुस्तक त्यांच्यापुढं धरलं. मंडळीत कुजबुज झाली. चिटणिसांनी पाळकसाहेबांकडं पाहिलं. पाळकसाहेब म्हणाले, “विचारा.”

त्यांनी विचारलं, “तारण कसं झालं?”

तिनं नदी दाखवली, पाण्यात उतरलेला माणूस दाखवला, मूठ मिटली. मी एकेक वाक्य बोलत गेले. मग तिचे हात पुढं गेले. “यासाठी खंडणी दिली असं पुस्तक म्हणतं. ती कुणी मागितली हे मला माहीत नाही. पाळकसाहेबांनाही माहीत नाही. कुणी दिली ते माहीत आहे.”

मी अडखळले. पाळकसाहेबांचं वाक्य गाळावं असं मनात आलं. गरीब माणूस, नोकरीत नवा, त्याला कशाला अडचणीत आणायचं. मी एक क्षण थांबले तेवढ्यात लेकीनं मान वळवून माझ्या ओठांकडं पाहिलं. मग मी ते जसंच्या तसं बोलले, शेवटच्या बाकापर्यंत पोचेल एवढ्या मोठ्यानं.

पाळकसाहेब हसले नाहीत, रागावलेही नाहीत. म्हणाले, “बरोबर आहे,” आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिनं गुडघे टेकले होते; हात ठेवायच्या आधी ते स्वतःही तिच्यासमोर खाली बसले. बाकीच्या आठ जणांपुढंही मग तसेच बसले. नवऱ्यानं मागं बसून रुमाल तोंडाला लावला होता. बाहेर आल्यावर तो नुसता एवढंच म्हणाला, “लई बोलली.”

पण गोष्ट गोडीनं मिटली नाही. पुढच्या महिन्यात कमिटीनं ठराव केला, की दृढीकरणाची उत्तरं छापील असतील तशीच द्यायची. मला पत्र आलं, की उपासनेत पाळकांचा आणि मंडळीचा अवमान झाल्याबद्दल लेखी दिलगिरी द्यावी. पाळकसाहेबांनी स्वतः येऊन सांगितलं, माझा काही अवमान झालेला नाही, तुम्ही लिहू नका. महिला मंडळाच्या बैठकांना मला बोलावणं बंद झालं. चिटणीस वाटेत भेटले तर मी नमस्कार करते, ते मान वळवतात. ते मनानं वाईट नाहीत. आयुष्यभर त्यांनी ती उत्तरं जपली, आणि एका पोरीनं सगळ्यांसमोर त्यांतलं एक उघडं पाडलं. पण म्हणून मी दिलगिरी लिहावी असं मला वाटत नाही. दीड वर्ष झालं, पत्र दिलेलं नाही. देणार नाही.

आम्ही आता दुसऱ्या बाकावर बसतो. आधी मी तिला मागं, खांबाआड घेऊन बसायची, लोकांनी बघू नये म्हणून. आता उपदेश चालू असताना माझे हात सगळ्यांना दिसतात. कुणाला आवडत नसेल तर त्यांनी डोळे मिटून प्रार्थना करावी.

परवा पाळकसाहेब पवित्रीकरणावर बोलत होते. माणूस सुटला तरी हळूहळू, आयुष्यभर बदलत जातो, असं काहीतरी. मी खूण करायला हात उचलले तर लेकीनं मला थांबवलं. म्हणाली, ही खूण कशी करायची ते अजून मला ठरवायचं आहे, तू घाई करू नको. आणि ती बाकावर पुढं सरकून पाळकसाहेबांच्या तोंडाकडं बघत बसली.