घाफची फांदी
डिझेलचा वास आला की अबू धाबीच्या वाळवंटातली आमची कॅरव्हॅन आठवते. ह्यांचं काम रस्त्यांच्या सर्व्हेचं, म्हणून मुलं शाळेत जाईपर्यंत आमचं घरच जीपमागे फिरत असे. एकदा धाकट्याने दारापुढच्या वाळूत घाफच्या झाडाची एक फांदी रोवली. सकाळी मुक्काम हलवताना तो रडू लागला, "बाबा, हू विल गिव्ह इट वॉटर?" हे म्हणाले, "यल्ला, बस आत, उशीर होतोय." पण जीप सुरू केल्यावर तेच खाली उतरले आणि आमच्या पिण्याच्या पाण्याचा अर्धा कॅन त्या फांदीपाशी ओतून आले. ती दिसेनाशी होईपर्यंत दोन्ही मुलं खिडकीतून मागे बघत हात हलवत होती. आता मुलं दूरदेशी आपापल्या संसारात आहेत. मला मात्र एकदाच, चौघांचे श्वास ऐकू येतील एवढ्याशा जागेत पुन्हा झोपायचंय.