साडेतीन मीटर जास्त

चाळीस यार्डांऐवजी मी चाळीस मीटर मोजले. परवा कपाट आवरताना मोजायची पिवळी टेप हाती लागली आणि विमानतळाजवळच्या बाडहूव्हडॉर्प या डच गावातलं, आम्ही तिथे राहायचो तेव्हाचं, ते ओल्या गवताच्या वासाचं मैदान आठवलं. आमचा इंग्रज शेजारी रग्बी लीग सोडून अमेरिकन फुटबॉलमध्ये शिरू पाहत होता. चाळीसचं हे अंतर पाच सेकंदांच्या आत पळाल्याचा व्हिडिओ संध्याकाळपर्यंत पोचला, तरच त्याला निवड चाचणीचं बोलावणं येणार होतं. अंतर मोजायचं काम मी हौसेने अंगावर घेतलं. डोक्यावरून विमानं उतरत होती, बायको शूटिंग करत होती. पहिल्यांदा पाच पूर्णांक दोन, मग पाच-तीन, आणि तिसऱ्या खेपेला पाच-चार आल्यावर तो मटकन बसून बुटांच्या नाड्याच सोडू लागला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, "वय झालं रे आता." तेवढ्यात प्रशिक्षकाचा मेसेज पुन्हा वाचत बायको ओरडली, "अहो, इथे यार्ड लिहिलंय!" खाली मान घालून मी शेवटची खूण साडेतीन मीटर अलीकडे आणली. तो नाड्या बांधून रागारागाने धावला आणि चार-नऊ आले. मी टाळ्या वाजवत पुढे झालो, तर धापा टाकत म्हणाला, "ऑफिसात तू पूल बांधतोस ना? कुठले, ते लिहून दे. मी पोहत जाईन."