टाचणीकाकूंनी विकलेला लंबू

बास्केटबॉल संघाच्या जर्सी शिवणाऱ्या त्या कारखान्यात टाचणीकाकूंच्या जिभेपुढे कुणाचं काही चालत नसे. मशीनच्या खडखडाटावर आवाज चढवून त्या रोज नवा संघ बांधत. कुणाला काढायचं, त्याच्या बदल्यात कुणाला आणायचं, सगळं त्यांचं ठरलेलं.

"त्या लंबूचे गुडघे गेलेत! द्या त्याला दुसऱ्या संघाला आणि तो तरणा गडी आणा!"

"वहिनी, लंबूनेच संघ उभा केला," कापड बेतणारा दीर म्हणे.

"मग बसवा त्याला मांडीवर!"

अखेर लंबूची अदलाबदल झाल्याची बातमी आली आणि काकूंना आभाळ ठेंगणं झालं. लंबूच्या जर्सीवरचं नाव त्या उसवत होत्या, तोच दार अंधारलं. चौकटीखालून वाकून खुद्द लंबू आत आला.

"जर्सी तुम्हीच शिवता ना, काकू?" तो म्हणाला. "माझ्या जागी येतोय ना, त्या पोराच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालंय. त्या बाजूचा मुंढा जरा सैल ठेवा. नवा आहे, स्वतः सांगायला लाजेल."

एवढं बोलून तो पुन्हा वाकून निघून गेला. काकू दाराकडे बघतच राहिल्या. स्वतःची जागा गेली, आणि हा बाबा ती घेणाऱ्याच्या खांद्याची काळजी करत आला होता!

"काय वहिनी, झालं ना मनासारखं?" दिराने चिमटा काढला.

काकूंनी जर्सी हळूच घडी करून मांडीवर ठेवली.

"संघाचे मालक मूर्ख आहेत," त्या म्हणाल्या, "आणि मी त्यांची आजी."