सरांनी पुसायला लावलेलं चित्र

रिटायर झाल्यावर आमचे चित्रकलेचे सर दर रविवारी माझ्या गाडीवर मागं बसायचे. लातूरहून सकाळीच निघायचं, कुठलातरी बांध गाठायचा, तेलरंगाची पेटी उघडायची अन् ऊन सरकायच्या आत हाताएवढ्या फळीवर समोरचं शिवार उतरवायचं. चित्र झालं की सर घटकाभर बघायचे, सुरीनं रंग खरवडायचे आणि टर्पेंटाइनच्या चिंधीनं फळी कोरी करायचे. मी कुरकुरलो की म्हणायचे, शिकलेलं हातात राहतं, फळी पुढच्या रविवारी लागते. असला तऱ्हेवाईक माणूस! चिंध्या सरांच्या बायको, आमच्या काकू, पुरवायच्या, स्वतःची जुनी लुगडी फाडून.

शेवटच्या रविवारी आम्ही किल्लारीच्या जुन्या गावठाणाजवळ बसलो होतो. सर लई थकले होते, ब्रश दोन्ही हातांनी धरत होते. तरी त्यांनी चित्रातल्या लिंबाखाली हिरव्या लुगड्यातली एक बाई टेकवली. समोर तर कुणीच नव्हतं, आणि इतक्या वर्षांत त्यांच्या चित्रात माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो. मला ते चित्र फार आवडलं. पण उठताना सर म्हणाले, "पूस रे." त्यांना सुरी धरवत नव्हती. एरवी मी शब्दाला शब्द देणारा, त्या दिवशी मात्र सांगकाम्यासारखं सगळं खरवडून पुसलं.

त्याच आठवड्यात सर गेले.

तेरावं झाल्यावर काकूंनी बोलावून घेतलं. घरात सरांचं एकही चित्र नव्हतं. तुझ्याकडं एखादं असलं तर दे, म्हणाल्या. मग पदर सारखा करत त्यांनी सांगितलं, त्या रविवारी घरी आल्यावर सर म्हणाले होते, आज तुला काढलंय. उभ्या संसारात पहिल्यांदाच.

तसलंच एक काढून आणून द्यावं, असं माझ्या मनात आलं. लाज वाटली. सगळं खरं सांगून टाकलं आणि गाडीच्या डिकीतल्या पेटीतून ती चिंधी आणून दिली. रंग वाळून कडक झाली होती, मधोमध हिरवा डाग.

काकूंनी ती दोन्ही हातांनी ताणली, काठावरून बोट फिरवलं.

"माझ्याच लुगड्यानं पुसलंस व्हय रं मला?"

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी चिंधीची घडी केली, उशीखाली ठेवली आणि माझ्यासाठी चहा टाकायला उठल्या.