मंगलबाईंचा अर्ज

परभणीहून सकाळच्या एसटीने निघालो, ते येलदरीचं धरण पाहायला. रस्त्याच्या कडेला कापूस फुटलेला, पण आभाळ कोंदट होतं. तालुक्याच्या गावी गाडी बंद पडली. दुसरी दुपारी मिळेल, असं कंडक्टर म्हणाला.

स्टँडवर सुशीला (भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा फोडणीचा नाश्ता) खात मी वहीत टिपणं करत होतो. शेजारच्या बाईंनी पिशवीतून एक कागद काढला.

"काका, तुमी लिहिणारे दिसता. यवढं बघा."

त्या मंगलबाई. त्यांचे पती कंत्राटदाराकडून विजेच्या तारा दुरुस्त करायचे. खांबावर असताना तारेत वीज आली आणि ते गेले. वीज कार्यालयाच्या त्या कागदावर लिहिलं होतं : परवानगीशिवाय खांबावर चढले.

"चढा म्हणून फोन आलता. मी चहा टाकायलते, माझ्या कानानं ऐकलं. पोरगी इचारायली, बाबाची चूक होती का? मला तेवढं लिहून पायजे, ते कामावर होते."

मी निवृत्त सरकारी कारकून. तिथेच बसून अर्ज लिहिला आणि त्यांच्यासोबत वीज कार्यालयात गेलो.

तिथला तरुण अधिकारी सौम्यपणे म्हणाला, "माणूस आमचा नव्हता, एजन्सीचा होता."

"खांब कोणाचा?" मी विचारलं.

"आमचा."

"मग चढायला कोणी सांगितलं?"

"फोन करणारा ऑपरेटरही एजन्सीचाच. ती एजन्सी आता बदलली." त्याने अर्ज न वाचता परत सरकवला.

बाहेर आल्यावर मंगलबाईंनी अर्ज घडी करून पिशवीत ठेवला. "तुमची गाडी चुकंल, काका," एवढंच म्हणाल्या.

दुपारी धरण पाहिलं. पाणी विस्तीर्ण, करडं. फार वेळ थांबवेना. आमच्या काळीही कचेरीत हेलपाटे होते, साहेब खेकसायचे. पण कोणत्या टेबलासमोर ठाण मांडायचं, हे माणसाला ठाऊक असायचं. परभणीहून घराकडे परतताना रेल्वेत हेच डोक्यात घोळत राहिलं.

घरी आल्यावर आठवड्याने, मी दिलेल्या नंबरावर मंगलबाईंचा फोन आला. त्या पुन्हा गेल्या होत्या. तो तरुण अधिकारीही कंत्राटीच निघाला. त्याची मुदत संपली होती. खुर्चीवर नवा माणूस होता.

"त्यानं पहिल्यापासून समदं इचारलं. मी सांगितलं."

"मग?"

"म्हणला, हे माझ्या आधीचं हाय."