हाऊसफुल्लवाला आमोस

पाथर्डीच्या बाजारात आमोस साळवे सायकलवरून यायचा, एका हातात पत्र्याचा भोंगा धरून. तंबूतल्या टॉकीजची जाहिरात करणं हे त्याचं काम. "काल हाऊसफुल्ल, आज बी हाऊसफुल्ल! उशिरा येनारानं बाहेर बसून ऐकायचं!" सिनेमा कसाही असो, तो शब्द कानावर पडला की माणसं घाईनं तंबूकडं वळायची. मिशनच्या शाळेत शिकून नवऱ्याला एवढंच इंग्रजी आलं, असं त्याची बायको मेरी म्हणायची.

बहात्तरच्या दुष्काळात तंबू ओस पडला. मालकानं कनाती गुंडाळल्या आणि तो निघून गेला. आमोस आणि मेरी खडी फोडायच्या सरकारी कामावर लागले.

उन्हाळ्यात शेजारच्या वस्तीवर पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची साथ आली. दया नावाची नर्स लस घेऊन कामावर आली, पण सुई टोचून घ्यायला कोणी पुढं होईना. लिंबाखाली बसून बसून ती कंटाळली.

"आमोसभाऊ, वस्तीवर माणसं दगावलीत," ती म्हणाली. "तुमच्या हाकेला लोक येतात. एकदा बोलवा ना."

आमोसनं घरून भोंगा आणला. "हाऊसफुल्ल! सुईचा खेळ हाऊसफुल्ल! मागून आला त्याला जागा न्हाई!"

हसत हसत सगळे गोळा झाले. पण हात कोणीच पुढं करेना. म्हातारी बनुबाई म्हणाली, "सुई टोचली की ताप येतो. उद्या माजी खडी कोन फोडनार? खाडा झाला तर खायचं काय?"

भोंगा खाली ठेवून आमोस म्हणाला, "मी फोडतो, मावशी."

पहिली सुई त्यानं घेतली. मागोमाग मेरीनं. मग बनुबाईनं लुगड्याचा पदर तोंडाशी धरून दंड पुढं केला आणि रांग लागली.

दुसऱ्या दिवशी बनुबाई तापानं झोपून होती. ताप आमोसलाही होता, तरी तो तिच्या ढिगाशी जाऊन बसला.

"कशाला कबूल केलं तुमी?" मेरी चिडली. पण आपला हातोडा घेऊन तीही तिथंच येऊन बसली. ते पाहून धडधाकट गडी आजाऱ्यांचे ढीग वाटून घेऊ लागले. त्या कामावर पटकी आली नाही.

चौऱ्याहत्तरात टॉकीज परत उभी राहिली. खडीच्या धुळीनं आमोसचा आवाज पार बसला होता. मालकानं त्याला दारावर तिकिटं फाडायला ठेवलं. "आवाज काय म्हनतोय?" असं विचारत खडीच्या कामावरच्या बायाबापड्या दारातच थांबायच्या, मागची रांग खोळंबायची आणि मालक आतून ओरडायचा.